आयर्लंडचा वाचनवर्ग, सदाशिव पेठ : पैसे वसूल, शेवटचा तास सोडून

आधीच सांगते, नाव-पत्ता टाकत नाहीये, कारण चालवणाऱ्या नवरा-बायकोनेच सांगितलंय की जाहिरात करू नका, बॅच पंधरा-सोळा जणांचीच असते आणि वर्ग भरतो तो त्यांच्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये. (पुण्यात जाहिरात न करणं हीच जाहिरात, ते सोडा.) ज्याला खरंच जायचंय त्याने सदाशिव पेठेत दोन ठिकाणी विचारलं तरी पत्ता लागेल. विषय आयर्लंड. म्हणजे त्यांचा दुष्काळ, त्यांची स्वातंत्र्याची लढाई, आणि त्यावर त्यांच्याच लोकांनी जे लिहिलं ते. दोन महिने, दर शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेआठ, फी अडीच हजार, त्यात नोट्सची स्पायरल वही आणि मधल्या सुट्टीतला चहा धरून.

मी अकाउंट्समधली बाई, इतिहासाशी संबंध शाळेत संपला. आयर्लंड म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, एक अ‍ॅनी बेझंट आणि दुसरं ते स्पर्धा परीक्षेवाल्यांचं पाठ केलेलं वाक्य, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या राज्यघटनेवरून घेतली. वर्गात एमपीएससी करणारी दोन मुलं होती ती त्याच वाक्याच्या जिवावर आली होती आणि पहिल्याच दिवशी एकाने हात वर करून विचारलं, "सर, यावर प्रश्न कसा येऊ शकतो?" सर म्हणाले, "येणार नाही, बस." तो बसला आणि शेवटपर्यंत येत राहिला, हे मला आवडलं. बाकी आम्ही सगळे असेच मिक्स, एक जोडपं ज्यांची मुलगी डब्लिनला मास्टर्स करून तिथेच आयटीत लागलीये, एक बटाटा पिकवणारे शेतकरी काका, दोन-तीन रिटायर्ड मंडळी आणि एक नाटकवाला.

शिकवतात दोघं. सरांचं आयुष्य विमा कंपनीत गेलं, इतिहास हा छंद, पण छंद कसला, आकडे असे तोंडावर की बघत राहावं. मॅडम कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, साहित्याचा भाग त्यांच्याकडे. दोघं एकमेकांना मध्येच तोडतात. "अहो, तुम्ही थांबा जरा, कविता आकड्यांनी नाही वाचत," असं मॅडम भर वर्गात म्हणतात आणि सर खरंच थांबतात. माझं स्पष्ट मत, मॅडम जास्त चांगल्या शिकवतात, पण दुष्काळाचा तास सरांचाच.

पहिला शनिवार मात्र फुकट गेल्यासारखा वाटला. ११६९ला नॉर्मन आले तिथपासून १८०१च्या युनियनपर्यंत, म्हणजे आयर्लंड ब्रिटनला जोडलं गेलं तिथपर्यंत, सगळं दीड तासात, इंग्लंडचा क्रॉमवेल फौज घेऊन आला आणि गेला, कॅथलिकांवरचे ते पीनल लॉज, जमीन विकत घेता येत नाही, शाळा काढता येत नाही, पार्लमेंटात बसता येत नाही, हे सगळं पळत पळत. १७९८चा उठाव दहा मिनिटांत. आणि सतराव्या शतकात उत्तरेकडच्या अल्स्टरमध्ये स्कॉटलंड-इंग्लंडहून प्रोटेस्टंट लोक आणून वसवले तो भाग तर एका वाक्यात उरकला, जो खरं म्हणजे पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे. याचा त्रास शेवटच्या तासाला झाला, त्यावर नंतर बोलते.

दुसऱ्या आठवड्याला आत गेलो तर टेबलावर मंडईतून आणलेली बटाट्याची पिशवी, पाच-साडेपाच किलोची, आणि शेजारी स्टीलच्या डब्यात थोडी ज्वारी. सर काही बोललेच नाहीत, फक्त म्हणाले एकेकाने उठा आणि पिशवी उचलून बघा. आम्ही सगळ्यांनी उचलली, रिटायर्ड आजोबांनी दोन्ही हातांनी. मग म्हणाले, हा १८४५च्या आधीच्या आयर्लंडमधल्या एका मजूर गड्याचा एका दिवसाचा आहार. एका दिवसाचा! तिन्ही त्रिकाळ बटाटा आणि जमलं तर सोबत ताक. आणि गंमत म्हणजे त्याने माणूस धडधाकट राहायचा, अडचण एवढीच की दुसरं काही नव्हतंच. गहू व्हायचा, ओट्स व्हायचे, डुकरं होती, लोणी होतं, पण ते सगळं खंड भागवायला. जमीनदाराचा खंड थकला की घराबाहेर, त्यामुळे धान्य विकायचं आणि बटाटा खायचा असा हिशोब, आणि तोही बहुतेक ठिकाणी एकाच वाणाचा बटाटा, लंपर नावाचा, कारण तो भिकार जमिनीतही भरपूर येतो.

१८४५च्या सप्टेंबरात त्यावर रोग पडला. सर ते लांबलचक लॅटिन नाव सांगायला लागले तर शेतकरी काका मागून म्हणाले, "करपा म्हणा ना सर, उशिराचा करपा." काका सातगाव पठारावरचे, आंबेगाव तालुक्यातले, तिथे पावसाळी बटाटा होतो. मग सरांनी खडू ठेवला आणि काकांनाच बोलायला लावलं. ढगाळ हवा आणि झिमझिम सुरू झाली की आम्ही फवारणीला पळतो, एकदा पकडला की पाला काळा पडत जातो, दोन दिवसांत शेत जळाल्यासारखं दिसतं आणि वास येतो, आणि तो वास आला की घरात कोणी बोलत नाही, असं ते म्हणाले. तेव्हा फवारणी नव्हती, रोग बुरशीसारखा जीव आहे हेच नक्की माहीत नव्हतं. १८४६ला पीक जवळजवळ पूर्ण गेलं. १८४७ला रोग कमी होता पण लावायला बियाणंच उरलं नव्हतं कारण ते खाऊन टाकलेलं. १८४८ला परत गेलं.

सरकारने काय केलं हा भाग सरांनी अजिबात घाई न करता सांगितला आणि त्यांचं खरं कसब इथे दिसतं, चिडत नाहीत, फक्त एकामागून एक नियम वाचतात. आधी पील ब्रिटनचा पंतप्रधान होता, त्याने अमेरिकेतून मका मागवला, पण तो इतका टणक की दळायला गिरण्या नाहीत आणि शिजवायचा कसा ते कोणाला माहीत नाही. १८४६ला सरकार बदललं, रसेल आला, आणि तिजोरीच्या खात्यात चार्ल्स ट्रेव्हेलियन होताच, ज्याचं पक्कं मत की बाजारात सरकारने हात घालू नये आणि फुकट दिलं तर लोक आळशी होतात. मग रस्त्यांची कामं काढली, ऐन थंडीत उपाशी माणसं खडी फोडतायत, मजुरी वेळेवर नाही. १८४७च्या उन्हाळ्यात अखेर सूपची केंद्रं उघडली, त्यावर एका वेळी रोज तीस लाख लोक जेवत होते, म्हणजे मनात आणलं तर करता येत होतं हे त्यांनीच सिद्ध केलं, आणि शरद ऋतू येता येता ती बंदही केली. पुढचा बोजा स्थानिक करावर आणि वर्कहाउसवर, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या सरकारी घरांवर.

आणि मग तो पाव एकरवाला नियम. ज्याच्या ताब्यात पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत नाही. सरांनी फळ्यावर पाव एकर लिहिलं, मग खोडून १० गुंठे लिहिलं. काका म्हणाले, "म्हणजे जमीन सोडली तर पेज, नाही सोडली तर उपाशी." सर म्हणाले, "हो, एवढंच." त्यानंतर कितीतरी वेळ हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज.

१८४१च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती, १८५१ला ६५ लाख ५२ हजार. साधारण दहा लाख मेले, त्याहून जास्त जहाजात बसून गेले, आणि ती गळती पुढेही थांबली नाही, आजही उत्तर आणि दक्षिण दोन्ही आयर्लंड मिळून लोकसंख्या १८४१च्या आकड्याला पोचलेली नाही. धान्य आणि जनावरं मात्र त्या वर्षांतही बंदरांतून बाहेर जात होती. यावर वर्गात वाद झाला की हे ठरवून मारलं का. सर म्हणाले बहुतेक इतिहासकार तसं म्हणत नाहीत, कट नव्हता, धोरण होतं. मॅडम म्हणाल्या, "मरणाऱ्याला काय फरक?" त्यावर सर गप्प. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटलं.

त्या डब्यातल्या ज्वारीचं राहिलं. ती अर्ध्या किलोहून थोडी कमी, एक पौंड, आणि ती आपली. १८७७मध्ये दख्खनच्या दुष्काळात सरकारी कामावरच्या गड्याला दिवसाला एवढ्या धान्याच्या हिशोबाने मजुरी, वर चिल्लर. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो रिचर्ड टेंपल १८७४ला बिहारमध्ये होता आणि तिथे ब्रह्मदेशातून तांदूळ आणून त्याने माणसं वाचवली होती, पण खर्च फार केला म्हणून बोलणी खाल्ली, मग दक्षिणेत आला तो असा हात आखडूनच, आणि १८७७लाच मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या मजुरीविरुद्ध अर्ज-विनंत्यांची राळ उडवली, आणि फुल्यांनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी जेवणाची सोय केली. धनकवडी! आम्ही तिथून रोज जातो. आणि तो ट्रेव्हेलियन? १८५९ला मद्रासचा गव्हर्नर म्हणून आपल्याकडेच आला. सरांनी हे सांगितलं आणि पुढे काहीच जोडलं नाही, "बघा, दोन्हीकडे सारखंच" वगैरे भाषण दिलं नाही, आणि या वर्गाची हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. नाहीतर आपल्याकडे परदेशाचा इतिहास सांगतात तो आपली पाठ थोपटून घ्यायला.

बटाट्यांचं पुढे काय झालं, तर पुढच्या शनिवारी मॅडमनी त्याचे वडे केले. विषयाला धरून थोडं विचित्र वाटलं पण वडे उत्तम होते.

मधल्या काळात कुळांच्या हक्कांसाठी लढणारी लँड लीग, ती काढणारा मायकल डेव्हिट, पार्नेल हे सगळं आलं. १८८०ला मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या इस्टेट एजंटशी गावाने व्यवहारच बंद केले, दुकानदार माल देईना, पीक काढायला माणूस मिळेना, शेवटी बाहेरून कामगार आणि त्यांच्या बंदोबस्ताला सैन्य आणावं लागलं. हे मी इथे लवकर उरकतेय कारण सरांनी पण ठीकठाकच सांगितलं, वहीत जास्त चांगलं आहे, वाचून घ्या.

मॅडमचा भाग सुरू झाला तो पार्नेलवरूनच. पार्नेल म्हणजे होमरूलवाल्यांचा सर्वात मोठा नेता, १८९०मध्ये विवाहित बाईशी संबंध घटस्फोटाच्या खटल्यात बाहेर आले, चर्च उलटलं, पक्ष फुटला, पुढच्या वर्षी माणूस गेला. जेम्स जॉइसच्या पहिल्या कादंबरीत ख्रिसमसच्या जेवणाच्या टेबलावर यावरून भांडण होतं, घरातली धार्मिक बाई एकीकडे, पार्नेलभक्त दुसरीकडे, आणि लहान पोरगं मध्ये बसून बघतंय, वडिलांच्या डोळ्यांत पाणी. मॅडमनी तो भाग स्वतः मराठीत उतरवलाय आणि वाचून दाखवला. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या, कारण दिवाळीच्या फराळावर राजकारणावरून असं कोणाच्या घरात झालं नाहीये सांगा. मग त्याच जॉइसची पार्टीची गोष्ट, ज्यात इंग्रजी वळणाच्या पेपरात पुस्तक परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाला एक देशाभिमानी बाई नाचता नाचता टोमणे मारते, तू इंग्रजाळलेला आहेस, आपल्या भाषेच्या मुलखात का जात नाहीस, युरोपात काय फिरतोस. आयरिश असणं म्हणजे नक्की काय, भाषा की धर्म की जमीन की नुसता इंग्रजांचा राग, हा प्रश्न त्यांना शंभर वर्षांपूर्वी एवढा टोचत होता हे मला माहीतच नव्हतं. आणि हे सगळं जॉइसने लिहिलं इंग्रजीत, तेही बरंचसं देश सोडून गेल्यावर.

नाटकांचा तास तर पुण्यात ऐकायलाच हवा असा. डब्लिनचं अ‍ॅबी थिएटर, कवी येट्स आणि लेडी ग्रेगरी वगैरेंनी उभं केलेलं, आयरिश लोकांचं स्वतःचं थिएटर. १९०७च्या जानेवारीत तिथे जे. एम. सिंग या आयरिश नाटककाराचं (आपल्याकडचा सिंग नाही) नाटक लागलं ज्यात गावातले लोक बापाला मारून आलो म्हणणाऱ्या पोराला हिरो करतात. प्रेक्षकांनी दंगा केला. इंग्रजांनी नाही हं, राष्ट्रवाद्यांनी, की आमच्या शेतकऱ्यांची आणि आमच्या बायकांची बदनामी केली. येट्सने पोलीस बोलावले, ज्यावरून तो आणखी शिव्या खाऊन बसला. मग १९२६ला परत तेच, शॉन ओकेसीचं नाटक, विषय १९१६चा उठाव, आणि क्रांतिकारकांचा झेंडा दारूच्या गुत्त्यात दाखवला, वेश्येचं पात्र दाखवलं, म्हणून आरडाओरडा, आणि आरडाओरडा करणाऱ्यांत १९१६मध्ये ज्यांची माणसं गेली त्या बायका होत्या. म्हणजे त्यांना तुम्ही चूक तरी कसं म्हणणार. नाटकवाला एकदम सरसावून बसला, "मॅडम, घाशीराम!" मॅडम हसल्या, म्हणाल्या मी वाटच बघत होते कोण म्हणतंय. १९७२च्या डिसेंबरात घाशीराम कोतवाल पुण्यात लागलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर थांबवलं गेलं, ते थांबवणारे बाहेरचे थोडेच होते. त्यावर एक आजोबा तापले, म्हणाले ते वेगळं, नाना फडणवीस खरा माणूस होता. मग पाऊण तास आयर्लंड बाजूला आणि भरत नाट्य मंदिर मध्ये. फीमध्ये हेही धरलेलं आहे असं समजा, पण मला स्वतःला मजा आली.

१९१६चा तास सरांनी बोर्डावर दोन तारखांनी सुरू केला. २४ एप्रिल, ईस्टरचा सोमवार, डब्लिनमध्ये उठावाचे पुढारी पिअर्स, कॉनली आणि मंडळी पोस्ट ऑफिसात घुसतात आणि प्रजासत्ताक जाहीर करतात, २९ला शरणागती. आणि खाली लिहिलं एप्रिल अखेर, बेळगाव, टिळकांची होमरूल लीग. सर म्हणाले मजा बघा, आपण जी मागणी त्यांच्याकडून उचलली ती त्यांच्याकडे त्याच आठवड्यात मोडीत निघायला लागली होती. होमरूल म्हणजे साम्राज्यात राहून घरचा कारभार, त्याची तीन बिलं आली, १८८६, १८९३, १९१२, शेवटचं १९१४ला पास झालं आणि युद्ध म्हणून बाजूला ठेवलं. उठावात भाग घेणारे तसे थोडे, डब्लिनचे लोक सुरुवातीला त्यांच्यावर वैतागलेले, शहराचं वाटोळं केलं म्हणून. पण मग ३ मेपासून एकेकाला गोळ्या घालायला सुरुवात केली, रोज सकाळी बातमी, कॉनली जखमी, उभा राहू शकत नव्हता, त्याला खुर्चीत बसवून मारलं, आणि लोकांचं मन फिरलं. १९१८च्या डिसेंबरच्या निवडणुकीत १०५ पैकी ७३ जागा पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षाला आणि जुन्या होमरूलवाल्या पक्षाला ६. सहा! टिळक तेव्हा अजून होमरूलच मागत होते. याचा अर्थ काय लावायचा ते सरांनी आमच्यावर सोडलं.

मुलगी डब्लिनला असलेले काका इथे म्हणाले, "आम्ही त्या पोस्टासमोर फोटो काढलाय हो, गेल्या वर्षी, ओकॉनल स्ट्रीटवर. खांबावर गोळ्यांच्या खुणा म्हणून दाखवत होते, आम्ही पुढे गेलो, जेवायचं बघत होतो." फोटो मोबाईलवर सगळीकडे फिरला. काकू मागे शॉपिंगच्या पिशव्या घेऊन उभ्या.

येट्सच्या १९१६वरच्या कवितेला मॅडमनी पूर्ण एक तास दिला आणि तो मला जास्त वाटला, पण एक गोष्ट डोक्यात बसली. उठावातले जे लोक रस्त्यात भेटले की तो नुसतं नमस्कार-चमत्कार करून पुढे जायचा, क्लबात जाऊन त्यांची टिंगल करायचा, त्यांचीच नावं तो शेवटी कवितेत घेतो, त्यात मॅकब्राइडचंही, जो त्याला मनापासून नकोसा होता, कारण येट्सचं जिच्यावर आयुष्यभर प्रेम तिने त्याच्याशी लग्न केलं होतं आणि तिचे त्याने हाल केले होते. आणि एवढं करूनही कवितेत मध्येच शंका काढतो की हे मरण गरजेचं होतं का, इंग्लंड कदाचित शब्द पाळेलही. कविता १९१६च्या सप्टेंबरातच लिहून झाली, जवळच्यांसाठी थोड्या प्रती छापल्या, पण सर्वांसमोर आली १९२०ला. आपल्याकडे हुतात्म्यावरच्या कवितेत अशी शंका काढली असती तर काय झालं असतं, असं एमपीएससीवाल्या मुलाने विचारलं. बघा, हाच तो ज्याला प्रश्न कसा येईल हवं होतं.

मग आला भारत आणि आयर्लंडचा शनिवार. मला वाटलं होतं आता भगिनी निवेदिता, बेझंट, भाईभाई. निवेदिता आली, टायरोन परगण्यातली मार्गारेट नोबल. मार्गारेट कझिन्स आली, आयर्लंडमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी तुरुंगात गेलेली, आणि तिच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२७च्या जानेवारीत भरलं ते आपल्या फर्ग्युसन कॉलेजात. (मी फर्ग्युसनची. तीन वर्षं काढली तिथे, कोणी सांगितलं नाही.) व्ही. व्ही. गिरी डब्लिनला कायदा शिकत होते आणि १९१६नंतर त्यांना तिथून निघावं लागलं. १९१३च्या मे महिन्यात टागोरांचं डाकघर अ‍ॅबी थिएटरमध्ये झालं आणि तो प्रयोग होता पिअर्सच्या शाळेच्या मदतीसाठी, म्हणजे तीनच वर्षांनी ज्याला गोळी घातली तो पिअर्स. १८ एप्रिल १९३०ला सूर्य सेन आणि त्यांच्या पोरांनी चितगावच्या शस्त्रागारावर हल्ला केला तो गुड फ्रायडेला, डब्लिनचा ईस्टर डोळ्यांसमोर ठेवून. कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी १९२०ला ७४ दिवस उपाशी राहून ब्रिक्स्टनच्या तुरुंगात गेला, जतीन दास १९२९ला लाहोरला ६३व्या दिवशी, आणि मॅकस्विनीच्या घरच्यांची सांत्वनाची तार आली.

इथपर्यंत सगळे खूश. मग सरांनी पान उलटलं आणि म्हणाले, आता पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर, जालियनवाला बागेनंतर डायरची पाठराखण करणारा मायकल ओड्वायर कुठला? टिपेररीचा. आयरिश, कॅथलिक. आणि खुद्द डायरचं शिक्षण? कॉर्क परगण्यातल्या शाळेत. पुण्याच्या कॅन्टोन्मेंटात एम्प्रेस गार्डनजवळ सेंट पॅट्रिकच्या नावाचं चर्च का आहे, तर इथे आयरिश कॅथलिक सैनिक होते म्हणून, आणि ते काय हवापालटाला आलेले नव्हते. आयर्लंडमध्ये पोट भरत नाही म्हणून ब्रिटिश फौजेचा लाल कोट घातला आणि तो कोट घालून दुसऱ्याचा देश ताब्यात ठेवला, अशी ती साखळी. १९२०च्या जूनमध्ये जालंधरला कॉनॉट रेंजर्स या ब्रिटिश फौजेतल्या आयरिश पलटणीच्या सैनिकांनी बंदुका खाली ठेवल्या, का, तर घरी आयर्लंडमध्ये ब्रिटिश फौजा अत्याचार करतायत म्हणून. त्याच पलटणीच्या सोलनच्या तुकडीतल्या बंडाचा पुढारी जेम्स डॅली, वय वीस, त्याला २ नोव्हेंबरला हिमाचलातल्या डगशाईला गोळ्या घातल्या. पण जालंधर ते अमृतसर अंतर केवढं, आणि बाग होऊन वर्ष-सव्वा वर्षच झालेलं, तर त्यांना ते दिसलं नव्हतं का? यावर आमच्यात जुंपली. काका म्हणाले आपल्या घराला आग लागली की माणूस आधी तिकडेच बघतो. एक मुलगी म्हणाली मग त्यांना आपण आपले का म्हणायचं. मी कोणाच्याच बाजूने बोलले नाही, पण घरी जाताना सिग्नलला उभी असतानाही तेच डोक्यात.

या तासामुळेच मी हा रिव्ह्यू लिहितेय. पिचलेले लोक म्हणजे आपोआप चांगले लोक असं हा वर्ग कुठेही म्हणत नाही, आणि तरीही त्यांच्या हालाला कमी लेखत नाही. असं शिकवायला जमणारी माणसं फार नाहीत.

यादवी युद्धाचाही तास चांगला झाला. १९२१च्या डिसेंबरात इंग्रजांशी तह, सहा परगणे उत्तरेत वेगळे राहणार, राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची, आणि त्यावरून कालपर्यंत एकत्र लपलेले भाऊ एकमेकांवर उलटले. मायकल कॉलिन्स ज्याने इंग्रजांना घाम फोडला तो २२ ऑगस्ट १९२२ला आपल्याच परगण्यात आपल्याच लोकांच्या गोळीने गेला. नव्या आयरिश सरकारने त्या काही महिन्यांत ७७ विरोधकांना देहदंड दिला, इंग्रजांनी १९१६नंतर दिला होता त्याच्या कितीतरी पट. भाऊबंदकी आपल्याला नवीन नाही, शनिवारवाडा वर्गापासून चालत दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे इथे कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता तक्रारी. शेवटच्या तासात १९२३ ते १९९८ कोंबलं. अक्षरशः कोंबलं. उत्तर आयर्लंडमधले कॅथलिक, घरं आणि नोकऱ्यांतला भेदभाव, १९७२चा डेरीतला रक्तरंजित रविवार, म्हणजे मोर्च्यावर ब्रिटिश सैनिकांनी झाडलेल्या गोळ्या, १९८१चं तुरुंगातलं उपोषण ज्यात बॉबी सँड्स ६६व्या दिवशी गेला आणि एकूण दहा जण गेले, मग १० एप्रिल १९९८चा शांतता करार, हे सगळं दोन तासांत आणि मध्ये चहा. पहिल्या दिवशी अल्स्टरची वसाहत नीट शिकवली नव्हती म्हणून लोकांना कळेचना की हे प्रोटेस्टंट मुळात एवढ्या ठामपणे ब्रिटनला का धरून आहेत, त्यांची भीती काय आहे. उत्तर आयर्लंडमधला कवी शेमस हीनी, त्याला वीस मिनिटं मिळाली, आणि वडिलांना बटाटे खणताना बघून पोरगा म्हणतो मी पेनाने खणेन ती कविता, जी दुष्काळाच्या तासाला जोडली असती तर काय बहार आली असती, ती हा हीनी कोण कुठला हे समजेपर्यंत संपली. येट्सचा अर्धा तास कापा आणि इकडे द्या, हे मी मॅडमना तोंडावर सांगितलंय. त्यांनी "बघू" म्हटलं, म्हणजे नाही.

वहीची छपाई वाईट आहे. मॅडमची भाषांतरं फार सुंदर पण नकाशे झेरॉक्सचे झेरॉक्स काढल्यासारखे, अल्स्टर कुठे संपतं आणि शाईचा डाग कुठे सुरू होतो कळत नाही. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, अडीच तास बसून कंबर धरते, उशी घेऊन जा, काही जण नेतात. सहा म्हणजे सहा, सहा-पाचला दार लावून घेतात आणि बेल वाजवली तर सर दार उघडतात पण बघतात असे की आत जायची इच्छा राहत नाही. गाडी नेऊ नका, बिल्डिंगच्या गेटवर पाटी आहे आणि शेजारच्या गेटवर त्याहून मोठी पाटी आहे. टिळक रोडला लावून चालत जा किंवा सरळ बसने या.

कोणी जाऊ नये ते सांगते. ज्याला फक्त क्रांतिकारकांच्या शौर्यकथा ऐकायच्यात तो दुसऱ्या आठवड्यापासून कंटाळेल. परीक्षेसाठी मुद्दे हवेत त्यानेही नको, जरी तो आमचा मुलगा टिकला तरी. इंग्रजी वाचायची सवय नसली तरी बिनधास्त जा, सगळं मराठीत चालतं, उतारे भाषांतर करूनच देतात, आणि शंका विचारायला कोणी लाजत नाही कारण आजोबा लोक इतके बेसिक प्रश्न विचारतात की आपोआप धीर येतो.

पाचपैकी चार. एक कापला तो उत्तर आयर्लंडसाठी. पुढची बॅच गणपतीनंतर आहे असं ऐकलं, नावनोंदणी फोनवर करत नाहीत, संध्याकाळी जाऊन पैसे भरावे लागतात, यूपीआय चालतं, पावती मात्र सर हाताने लिहितात आणि त्याला वेळ लागतो.